नव्या टीव्हीवर बदकं का पडत नाहीत?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोका खाली आला. आईने तो जुन्या चादरीच्या तुकड्यात गाठ मारून ठेवला होता. आत राखाडी रंगाचा टीव्ही गेम, दोन रिमोट, केशरी बंदूक आणि चार पिवळ्या कॅसेट. भाचा अकरा वर्षांचा. त्याने पिवळी-पांढरी पिन हॉलमधल्या ४३ इंची एलईडीला लावली, अडॅप्टर लावला, आणि आश्चर्य म्हणजे चित्र आलं! पोराने बंदूक उचलली. पडद्यावर बदकं उडाली. एक गोळी, दुसरी, तिसरी. एकही पडेना. शेवटी त्याने बंदुकीची नळी थेट पडद्याला टेकवली. तरी नाही. दर वेळी गवतातून तो कुत्रा वर यायचा आणि तोंडावर हात धरून हसायचा.

"मामा, बंदूक बाद झालीय."

बंदूक बाद नव्हती. हा प्रश्न आमच्या टोळक्याला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. टोळकं म्हणजे पाच-सहा चाळिशीतले बुवा. एक शाळेत शिकवतो, एक युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्याचा हिशेब बघतो, एकाचे सोलापुरात अशोक चौकाच्या मागे चार यंत्रमाग आहेत. सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात तेव्हा त्या शेडमध्ये आम्ही जुने टीव्ही गेम उघडून बसतो. बायका याला 'भंगारमंडळ' म्हणतात आणि ते तसं खोटंही नाही. तर हे बदकांचं कोडं एकदा नीट सांगतो. ते सुटलं की जुन्या गेमबद्दलचे बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

## मुळात तो खोका होता काय?

आपल्याकडे नव्वदीत नवी पेठेत किंवा गड्ड्याच्या जत्रेत मिळायचा तो टीव्ही गेम म्हणजे एका जपानी यंत्राची नक्कल. मूळ यंत्राचं नाव फॅमिकॉम. निन्टेंडो कंपनीने ते जपानात १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आणलं आणि १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस या नावाने नेलं. आत सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोके देणारा प्रोसेसर आणि कामापुरती मेमरी २ किलोबाइट. चित्र किती मोठं? आडवे २५६ ठिपके, उभे २४०.

एवढ्याशा जागेत जंगल, किल्ले, रणगाडे कसे मावले, हे सोलापूरकराला समजावणं सगळ्यात सोपं. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर विणली जाते तेव्हा कारागीर आख्खी चादर ठिपक्या-ठिपक्याने काढत बसत नाही. आलेख कागदावर एक नक्षी काढतो, तिची पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं बनतात, आणि तीच नक्षी चादरभर पुन्हा पुन्हा येते. सूत बदललं की तीच नक्षी दुसऱ्या रंगात. टीव्ही गेमही असाच, ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकड्यांनी विणलेला. सुपर मारिओ ब्रदर्समधला ढग आणि झुडूप नीट बघा. आकार एकच आहे, ढग पांढरा आणि झुडूप हिरवं. १९८५ चा तो आख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसतो. सकाळी सकाळी काका जो 'शुभ सकाळ'चा गुलाब पाठवतात, त्याची फाइल बहुधा याहून मोठी असते.

(आणि हो, '९९९९ इन वन' कॅसेटमध्ये ९९९९ गेम कधीच नव्हते. वीस-पंचवीस असायचे, फार तर पन्नास. बाकी यादी म्हणजे तेच गेम वेगळ्या नावाने, कुठे तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे, कुठे जास्तीची लाइफ देणारे. आमच्या गल्लीत एक पोरगा ७००० च्या पुढे वेगळा गेम सापडल्याची शपथ घ्यायचा. अजून घेतो.)

पण खोक्यात गेमचा निम्माच भाग होता. उरलेला निम्मा टीव्हीत होता.

## टीव्हीच्या आत चालणारा धोटा

जुना टीव्ही म्हणजे पिक्चर ट्यूबचा, पाठीला ढेरी असलेला. त्या ढेरीत मागे एक बारीक झोत सुटायचा इलेक्ट्रॉनचा, म्हणजे विजेच्या अतिसूक्ष्म कणांचा. तो पडद्याच्या आतल्या रसायनाच्या थरावर आदळला की तेवढाच ठिपका चमकायचा. झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढायचा, झटकन परत यायचा, त्याखाली दुसरी ओळ ओढायचा. हातमागावर धोटा एका टोकाकडून दुसरीकडे जातो आणि बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा टाकतो, तसंच. फरक एवढाच की धोटा परत येतानाही धागा टाकतो, झोत मात्र परतताना विझलेला असतो.

आपल्याकडच्या पद्धतीत हा धोटा सेकंदाला १५,६२५ ओळी टाकायचा. तेवढीच त्याची एक बारीक शिट्टीही असायची. लहानपणी शेजारच्या खोलीत टीव्ही नुसता चालू झाला, आवाज बंद असला, तरी तुम्हाला कळायचं आठवतंय? ती हीच शिट्टी. वय वाढलं की एवढा तीव्र आवाज कानाला येईनासा होतो. म्हणून आवाज शून्य करून खेळताना आईला काही कळायचं नाही, पण धाकटी बहीण दुसऱ्या खोलीतून येऊन चुगली करायची.

महत्त्वाची गोष्ट अशी की या पडद्यावर पूर्ण चित्र कोणत्याही एका क्षणी नसायचंच. चमकत असायचा तो जेमतेम एक ठिपका आणि त्याच्या मागे विझत जाणारी शेपटी. सेकंदाला पन्नास वेळा हा सगळा फेरा पूर्ण व्हायचा, म्हणून डोळ्याला आख्खं चित्र दिसायचं. पुरावा हवा असेल तर मोबाइलने जुन्या टीव्हीचं शूटिंग करा. व्हिडिओत काळा पट्टा वर-खाली सरकताना दिसतो. मोबाइलच्या डोळ्याने धोट्याला अर्ध्या वाटेत पकडलेलं असतं.

## बंदूक मारत नाही, बघते

आता बंदुकीकडे येऊ. नळीतून काहीतरी बाहेर पडतं आणि टीव्हीला लागतं, असंच आपण सगळे समजायचो. खरा प्रकार उलटा आहे. नळीच्या तोंडाशी एक भिंग असतं आणि त्याच्या मागे उजेड ओळखणारा छोटा भाग. बंदुकीतून बाहेर काहीच जात नाही, फक्त उजेड आत येतो. ती बंदुकीच्या आकाराची दुर्बीण आहे म्हणा ना.

१९८४ च्या डक हंटमध्ये तुम्ही चाप ओढला की गेम एक चलाखी करतो. पडदा एका फेऱ्यापुरता संपूर्ण काळा होतो. पुढच्या फेऱ्याला बदक जिथे होतं तिथे पांढरा चौकोन येतो, बाकी सगळं काळंच. दोन बदकं असतील तर आधी एकाचा चौकोन, मग पुढच्या फेऱ्यात दुसऱ्याचा. हे सगळं इतक्या पटकन होतं की आपल्याला नुसती उघडझाप झाल्यासारखी वाटते.

मग खोका बंदुकीला विचारतो, पडदा काळा होता तेव्हा अंधार दिसला का? आणि पांढरा चौकोन काढला तेव्हा उजेड दिसला का? दोन्हीला 'हो' असेल तर बदक पडलं. उजेड पहिल्या चौकोनाच्या वेळी दिसला की दुसऱ्या, यावरून कुठलं बदक तेही ठरतं. काळ्या फेऱ्याचा उपयोग चोर पकडायला. कुणी शहाणा बल्बकडे बंदूक रोखून बसला तर काळ्या फेऱ्यातही उजेड येणार, आणि गेम म्हणणार, ही गोळी धरणार नाही.

मला हे कळलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं होतं. आपण एवढा एक डोळा मिटून, श्वास रोखून नेम धरायचो, आणि तिकडे नुसती प्रश्नोत्तरं चालली होती.

## पण पडदा नव्या टीव्हीवरही काळा-पांढरा होतोच की!

होतो. पण उशिरा होतो, आणि वेगळ्या तऱ्हेने होतो.

आधी उशिराचं बघू. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत खोक्याकडून आलेला संदेश जवळजवळ तसाच झोतापर्यंत जायचा. मध्ये विचार करणारं कुणी नव्हतं. एलईडी टीव्ही म्हणजे मुळात संगणक. तो आलेलं चित्र आधी स्वतःकडे साठवतो, ताणून ४३ इंचांवर बसवतो, रंग सुधारतो, मग दाखवतो. यात सेकंदाचा विसावा, दहावा भाग असा काहीतरी वेळ जातो. सिनेमा बघताना हे कळतही नाही. पण आपल्या बंदुकीला सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उत्तर द्यायचं असतं. खोका विचारतो, "उजेड दिसला का?" तेव्हा नव्या टीव्हीवर चौकोन अजून आलेलाच नसतो. बंदूक इमानदारीत "नाही" म्हणते. कुत्रा हसतो.

वेगळ्या तऱ्हेचं कारण जास्त मजेशीर आहे. समजा, उशीर शून्य केला. तरी बदक पडणार नाही. ट्यूबलाइट, खिडकीतलं ऊन यांनी फसू नये म्हणून मूळ बंदुकीत एक चाळणी बसवलेली आहे. सेकंदाला साधारण पंधरा हजार वेळा लुकलुकणारा उजेड असेल तरच ती तो मानते. ही पंधरा हजाराची लुकलुक म्हणजे आपल्या धोट्याच्या ओळी. झोत भिंगासमोरून ओळीमागून ओळ जातो, तेव्हा बंदुकीला तो ताल ऐकू येतो म्हणायला हरकत नाही. एलईडीच्या पडद्याचा उजेड एकसंध, त्यात तो ताल नाही. म्हणजे नळी पडद्याला टेकवून काय, पडद्यात घुसवली तरी बंदुकीच्या लेखी तिथे टीव्ही नाहीच.

आमच्या ओळखीचे एक म्हातारे टीव्ही मेकॅनिक आहेत, दुकान कधीच बंद केलेलं. त्यांना हा सगळा प्रकार मी उत्साहाने सांगितला. त्यांनी तंबाखू मळता मळता एका वाक्यात मिटवलं. "ते काय टीव्ही हाय काय बे? ते मोठं मोबाइल हाय."

## बंदूक सोडा, बाकीचे गेम तर चालतात ना?

चालतात, पण काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. "लहानपणी मला ही उडी जमायची, आता वय झालं" असं म्हणणारे खूप भेटतात. वय झालं असेलही. पण उशीर इथेही आहेच. बटण दाबल्यावर मारिओ क्षणभर मागे राहतो, आणि हाताला जुना ताल पाठ असतो, त्यामुळे खड्ड्यात पडतो. या उशिराला गेमवाले 'लॅग' म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर चालू करा. त्यात टीव्ही स्वतःची बरीच कलाकुसर बंद ठेवतो आणि लॅग बऱ्यापैकी कमी होतो.

दुसरी भानगड चित्राची. दूरदर्शनचं चित्र दोन हप्त्यांत यायचं. एका फेऱ्यात विषम ओळी, पुढच्या फेऱ्यात सम ओळी. गेमचा खोका एवढी मेहनत घेत नाही. तो दर फेऱ्याला त्याच त्या ओळी पाठवतो आणि मधल्या ओळी रिकाम्या सोडतो. पिक्चर ट्यूबवर यामुळे ओळींमध्ये बारीक काळ्या रेघा राहायच्या आणि चित्र विणल्यासारखं दिसायचं. नवा टीव्ही मात्र समजतो की हे दूरदर्शनसारखंच दोन हप्त्यांतलं चित्र आहे, आणि लागोपाठचे दोन फेरे एकमेकांत मिसळून टाकतो. परिणाम म्हणजे कडा खवल्यासारख्या दिसतात. जे लुकलुकायला हवं ते एक तर अर्धवट दिसतं किंवा गायब होतं.

लुकलुकणं ही काही नेहमीच चूक नसायची. मूळ यंत्राला एका ओळीत आठच हलत्या आकृत्या काढता येतात. नववी आली की एक सोडावी लागते. मग गेम लिहिणाऱ्यांनी तोडगा काढला. या फेऱ्यात हिला सोड, पुढच्या फेऱ्यात तिला. पिक्चर ट्यूबवर ते थोडं थरथरायचं, पण सगळे शत्रू दिसायचे. नव्या टीव्हीच्या मिसळामिसळीत नेमकी तुमच्यावर येणारी गोळीच दिसत नाही.

## बंद पडलेला सेट उघडायचा कसा?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमचे रविवार यातच जातात.

आधी अडॅप्टर. 'सेट मेला' म्हणून येणाऱ्यांतले निम्मे नुसत्या अडॅप्टरचे रुग्ण असतात. बहुतेक खोक्यांना ९ व्होल्ट लागतात. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा आयसी असतो. तो नवाचे पाच व्होल्ट करतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून फेकून देतो. म्हणून तासाभरात खोका गरम व्हायचा आणि स्वयंपाकघरातून हाक यायची, "बंद कर आता, तापलालंय बघ ते!" मल्टिमीटरचा काळा टोक मधल्या पायाला आणि लाल टोक एका कडेच्या पायाला लावला की नऊच्या आसपास आकडा यायला हवा, दुसऱ्या कडेला पाच. नऊ येतात पण पाच नाही, तर बहुधा तो आयसी गेला. इतका स्वस्त आणि इतका सर्रास मिळणारा भाग दुसरा नाही.

पण अडॅप्टर लावण्याआधी पिनचा मधला भाग धन आहे की ऋण, हे बघितल्याशिवाय हात लावू नका. खोक्यावर बारीक चित्र असतं, वर्तुळात ठिपका आणि दोन्हीकडे अधिक-उणे. मी हे न बघता माझा स्वतःचा, शाळेत असताना हट्ट करून मिळवलेला सेट मारला. घरातल्या दुसऱ्याच कशाचा तरी अडॅप्टर होता, पिन बसली म्हणून लावला. आतून 'फट्' असा आवाज आला आणि जळक्या माशासारखा वास. उलट वीज गेल्याने कपॅसिटर फुटला होता. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी, चढ-उतार सांभाळणारी. तो बदलला, ७८०५ बदलला, तरी सेट उठला नाही. तो अजून शेडमध्ये खुंटीला टांगलेला आहे. नवीन माणूस आला की त्याला आधी तो दाखवतात.

खोका पहिल्यांदा उघडणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. सहा स्क्रू काढले की आत जवळजवळ रिकामं! तळहाताएवढी सर्किटची पाटी, आणि तिच्यावर काळ्या डांबराचा गोळा. "आत एवढंच?" एवढंच. मूळ फॅमिकॉममध्ये प्रोसेसर आणि चित्र काढणारा आयसी वेगवेगळे होते. नंतरच्या नकलांमध्ये ते सगळं एका चिपमध्ये कोंबलं आणि वरून राळेचा थेंब सोडला. तो थेंब मेला तर दुरुस्ती नाही, दुसऱ्या मेलेल्या सेटमधून अवयवदान हाच उपाय.

रिमोट मात्र जवळजवळ नेहमी वाचतो. बटणाखाली रबर असतं आणि रबराच्या पोटाला काळा कार्बनचा ठिपका. दाबलं की तो ठिपका पाटीवरच्या दोन रेषा जोडतो. ठिपका झिजला की 'उडी लागत नाही'. आधी पाटी आणि रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस-काडी घेऊन पुसा. तेवढ्याने नाही झालं तर ४बी पेन्सिलचं शिसं ठिपक्यावर घासा. काही आठवडे चालतं. नाहीतर तार गेलेली असते, आणि ती बहुतेक वेळा रिमोटच्या मानेपाशीच तुटते, कारण आपण सगळे उडी मारताना रिमोटही वर उडवायचो. तेवढा तुकडा कापायचा, नव्याने डाग (सोल्डर) द्यायचा. तारा मोजताना एक गंमत लक्षात येईल. बटणं आठ आणि तारा पाचच. आठ बटणांची हजेरी एकाच तारेवरून एकामागून एक घेतली जाते, वर्गात मास्तर नावं पुकारतात तशी.

पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पांढरं करायचा एक उपाय आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचं. उन्हाची आपल्याला काय कमी! एप्रिलमध्ये एकाने झाकण गच्चीवर ठेवलं आणि जेवायला गेला. रंग छान उजळला, पण झाकण पापडासारखं वाकलं. शिवाय हा पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो म्हणतात. मी तर पिवळंच ठेवतो.

## फुंकर मारली की चालायचं, त्याचं काय?

हा प्रश्न विचारताना लोक थोडे रागावतात, कारण आपण चुकलो होतो हे कुणालाच ऐकायचं नसतं.

कॅसेटच्या तळाला साठ धातूचे दात असतात, तीस एका बाजूला, तीस दुसऱ्या. त्यातला एकही खाचेतल्या पट्टीला नीट टेकला नाही तर पडद्यावर चौकड्यांचा कचरा. मग आपण कॅसेट काढायचो, एका टोकाकडून दुसरीकडे माउथ ऑर्गनसारखी फुंकर मारायचो, पुन्हा लावायचो, आणि चालायची. काम करत होतं ते काढणं आणि लावणं. घासल्याने दातांवरचा थर खरवडला जायचा आणि कॅसेट थोडी वेगळ्या जागी बसायची. फुंकरीतून जायची ती ओल आणि थुंकी. तिने दात हळूहळू खराब व्हायचे.

सोलापूरच्या कोरड्या हवेने आपल्याला बरंच सांभाळून घेतलं. कोकणातून आलेल्या कॅसेट उघडल्यावर दात हिरवे झालेले बघितलेत मी. आज साफ करायच्या असतील तर तेच अल्कोहोल, तीच कापूस-काडी. खोडरबरही चालतं, पण हलक्या हाताने आणि क्वचितच, नाहीतर वरचा मुलामा जातो.

## मोबाइलवर हेच गेम मिळतात, मग हा खटाटोप कशाला?

मिळतात. त्याला इम्युलेटर लागतो. इम्युलेटर म्हणजे बहुरूपी. बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन दारात येतो, शिट्टी तीच, दरडावणंही तेच. मोबाइल तसा फॅमिकॉमचं सोंग घेतो, आणि कॅसेटला वाटतं आपण खऱ्याच खोक्यात आहोत. चांगला बहुरूपी इतका हुबेहूब असतो की फरक कळत नाही. शिवाय त्यात हवं तिथे गेम थांबवून जपून ठेवता येतो. २००० नंतरच्या भारनियमनात ज्यांचा शेवटच्या टप्प्यावरचा गेम लाइट गेल्यामुळे उडाला, त्यांना या एका सोयीची किंमत विचारा. मीही प्रवासात मोबाइलवरच खेळतो.

कायद्याचं मात्र लोक सहज विसरतात. गेम जुना झाला म्हणजे मोकळा झाला असं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रामही येतो, आणि मुदत साठ वर्षांच्या हिशेबात मोजली जाते. १९८५ चा गेम अजून बराच काळ कुणाच्या तरी मालकीचा आहे. स्वतःजवळच्या रीतसर प्रतीची नासधूस होऊ नये म्हणून राखीव प्रत काढायला त्याच कायद्यात मुभा आहे. पण हजार गेमची फाइल कुठूनतरी उतरवून घेणं त्यात बसत नाही. आता आपण सगळे गड्ड्यातल्या नकली कॅसेटवर वाढलोय, त्यामुळे मी हे फार ताठ मानेने सांगतोय असं नाही.

बदकांचं म्हणाल तर मोबाइलवर ती बोटाने मारतात. त्याला काय अर्थ आहे!

## म्हणजे भंगारातला टीव्ही घरात आणायचा?

बंदूक चालवायचीच असेल तर जुनी बंदूक आणि पिक्चर ट्यूब, ही जोडी फोडता येत नाही. पिवळ्या पिनचं एचडीएमआय करणारा छोटा डबा बाजारात मिळतो, त्याने चित्र येईल, बदक पडणार नाही. कॅमेऱ्याने पडद्याची चौकट ओळखणाऱ्या नव्या बंदुका आहेत, त्या एलईडीवर चालतात, पण त्या संगणकाला लावायच्या, आपल्या खोक्याला नाही.

जुना टीव्ही आणलात तर एक गोष्ट हात जोडून सांगतो. मागचं झाकण उघडू नका. टीव्ही गेमचा खोका उघडणं आणि हे उघडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रंगीत पिक्चर ट्यूबला एलओटी नावाच्या ट्रान्सफॉर्मरमधून वीस हजार व्होल्टच्या वर दाब दिलेला असतो, आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो बराच काळ धरून ठेवते. जुने मेकॅनिक आधी तो दाब उतरवायचे आणि एक हात खिशात ठेवून काम करायचे. तेही सगळे चटके खाऊन शिकलेले. काम त्यांच्याकडूनच करून घ्या, जोवर ते आहेत तोवर. आणि टीव्ही खरोखर टाकायचाच असेल तर काच फोडून तांबं काढणाऱ्याला देऊ नका. त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत टीव्ही येतो, आणि तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला शेडमध्ये नेलं. माग थांबलेले, सगळीकडे सुताची पिंज. कोपऱ्यात २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही, वर प्लॅस्टिकचं कापड. बटण दाबल्यावर पोरगा दचकला. "मामा, शिट्टी वाजतेय." आम्हा चौघांपैकी कुणालाच ऐकू येत नव्हती. कॅसेट लावली, ब्राइटनेस वर नेला, कारण पडदा मंद असला तर बंदुकीला दिसत नाही. पहिल्याच गोळीला त्याचं बदक पडलं. मग दुसरं. तो टीव्हीकडे, मग बंदुकीकडे, मग पुन्हा टीव्हीकडे बघत राहिला.

मग बंदूक माझ्याकडे आली. तीन गोळ्या, दोन बदकं, दोन्ही वर उडून गेली. कुत्रा गवतातून वर आला. भाचा म्हणाला, "मामा, आता टीव्हीचा दोष नाही हां."